शोधचौकट एक, रकाने चार

वाचकांचे संगणकविषयक प्रश्न

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडील सुमारे १४,००० पुस्तकांची दाखल नोंदवही आम्ही दोन वर्षे खपून संगणकावर आणली. डेटाबेस मायएसक्यूएलचा असून शोधाची स्क्रिप्ट मी पीएचपीमध्ये स्वतः लिहिली आहे. शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि विषय असे चार रकाने आहेत. वाचकासाठी शोधचौकट मात्र एकच आहे. वाचकाने ‘शिरवाडकर’ लिहिले तर पुस्तके दिसतात, ‘नाटक’ लिहिले तरी दिसतात; परंतु ‘शिरवाडकर नाटक’ असे लिहिले की एकही पुस्तक सापडत नाही. शब्द सुटे करून पाहिले, तर ग्रंथालयातील यच्चयावत नाटके समोर येतात. शिवाय निर्लेखित केलेली, म्हणजे संग्रहातून कमी केलेली, पुस्तके दाखवू नयेत अशी अट घालूनही ती दिसतात. चूक कोठे आहे?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : आपण वर्णन केलेल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, परंतु त्यांचा उगम एकाच ठिकाणी आहे. अनेक रकान्यांत शोध घेताना ‘किंवा’ कोठे वापरायचे आणि ‘आणि’ कोठे वापरायचे, हे स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी कागदावर ठरले पाहिजे.

पहिली अडचण अशी, की आपली स्क्रिप्ट वाचकाने लिहिलेला संपूर्ण मजकूर एकसंध समजते आणि तो जसाच्या तसा एकेका रकान्यात आहे का, हे पाहते. ‘शिरवाडकर’ हा शब्द लेखकाच्या रकान्यात आहे आणि ‘नाटक’ हा विषयाच्या रकान्यात. हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी असलेला एकही रकाना आपल्या टेबलात नसल्यामुळे उत्तर शून्य येते. दुसऱ्या प्रयत्नात आपण शब्द सुटे केलेत हे योग्यच होते, पण सगळ्या अटी ‘किंवा’ने जोडल्यात. त्यामुळे दोनपैकी कोणताही एक शब्द असलेले प्रत्येक पुस्तक पात्र ठरले. वाचकाने दोन शब्द लिहिले ते शोध अधिक नेमका व्हावा म्हणून. आपल्या स्क्रिप्टने मात्र तो अधिक सैल केला.

बरोबर मांडणी अशी आहे : एका शब्दासाठी सर्व रकाने ‘किंवा’ने जोडावेत, आणि असे तयार झालेले शब्दांचे गट एकमेकांना ‘आणि’ने जोडावेत. म्हणजे वाचकाचा प्रत्येक शब्द सापडलाच पाहिजे, मग तो कोणत्याही रकान्यात सापडो. मराठीत लिहायचे तर आपल्या क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा, सांगाडा पुढीलप्रमाणे होईल :

(शीर्षकात ‘शिरवाडकर’ किंवा लेखकात ‘शिरवाडकर’ किंवा प्रकाशकात ‘शिरवाडकर’ किंवा विषयात ‘शिरवाडकर’)
आणि (शीर्षकात ‘नाटक’ किंवा लेखकात ‘नाटक’ किंवा प्रकाशकात ‘नाटक’ किंवा विषयात ‘नाटक’)
आणि (पुस्तक निर्लेखित नाही)

‘किंवा’च्या जागी ऑर, ‘आणि’च्या जागी अँड आणि प्रत्येक तुलनेच्या जागी दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह (म्हणजे ‘येथे काहीही असो’) लावलेले लाइक घातले की झाले. येथील कंस मात्र अनिवार्य आहेत, आणि आपली तिसरी अडचण नेमकी त्यांच्याच अभावी उद्भवली आहे. गणितात जसा गुणाकार बेरजेच्या आधी होतो, तसे एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत अँड हे ऑरच्या आधी बांधले जाते. आपण चार रकाने ऑरने जोडून शेवटी ‘अँड निर्लेखित नाही’ असे कंसांशिवाय लिहिले असेल, तर ती अट फक्त शेवटच्या रकान्याला, म्हणजे विषयाला, चिकटते. शीर्षकात, लेखकात किंवा प्रकाशकात शब्द सापडलेली निर्लेखित पुस्तके बिनदिक्कत पुढे येतात. ही चूक मीही केलेली आहे, आणि ती बरेच दिवस लक्षात आली नव्हती, कारण अशी क्वेरी कोणतीही त्रुटी दाखवत नाही.

ही क्वेरी हाताने लिहू नये, स्क्रिप्टनेच ती रचावी. रकान्यांची नावे एका यादीत ठेवावीत, वाचकाचा मजकूर मोकळ्या जागांवर तोडून शब्दांची दुसरी यादी करावी आणि एकात एक अशा दोन फेऱ्या चालवाव्यात. आतील फेरीत तयार झालेले तुकडे ऑरने जोडून कंसात घालावेत, बाहेरील फेरीतील कंस अँडने जोडावेत. शब्द तोडताना पीएचपीच्या प्रेग स्प्लिटला युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची, खूण द्यायला विसरू नये. वाचकाने काहीच लिहिले नसेल किंवा नुसती मोकळी जागा दिली असेल, तर शब्दांची यादी रिकामी राहते आणि क्वेरीत कोणतीच अट उरत नाही. तेव्हा चौदा हजार नोंदी पडद्यावर ओतण्याऐवजी वाचकाला शब्द लिहिण्याची विनंती करावी.

वाचकाचा मजकूर थेट क्वेरीत चिकटवत असाल, तर ते आजच बंद करावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. अवतरणचिन्ह टाकून कोणीही आपली क्वेरी मोडू शकतो, आणि हेतू वाईट असेल तर टेबलातील माहिती वाचू किंवा पुसूही शकतो. त्याऐवजी पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या पीडीओ किंवा मायएसक्यूएलआयमधील प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे : क्वेरीत केवळ प्रश्नचिन्हे असतात आणि शब्द स्वतंत्रपणे पाठवले जातात. तीन शब्द आणि चार रकाने असतील तर बारा प्रश्नचिन्हे आणि त्याच क्रमाने बारा किमती लागतात, आणि हे काम फेरीतच उरकते. प्रश्नचिन्हांऐवजी नावे दिलेले प्लेसहोल्डर (किमतीची जागा राखणाऱ्या खुणा) वापरत असाल, तर पीडीओची अनुकरण पद्धत (जिच्यात पीडीओ स्वतःच किमती क्वेरीत भरतो) बंद असताना एकच नाव दोनदा वापरता येत नाही, हे ध्यानात असावे. पुष्कळांची स्क्रिप्ट येथे अडते. आपले वाचन एखाद्या जुन्या पुस्तकावरून झाले असेल आणि त्यात मायएसक्यूएलची पूर्वीची फंक्शने असतील, तर ती पीएचपीच्या ७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, काढून टाकलेली आहेत. तसेच लाइकमध्ये टक्केचिन्ह आणि अधोरेषा यांना विशेष अर्थ असतो, म्हणून वाचकाच्या शब्दात ती चिन्हे आल्यास त्यांच्यापूर्वी बचावचिन्ह, म्हणजे उलटी तिरकी रेघ, घालावे.

चारही रकाने जोडून एकच मजकूर करावा आणि त्यात शोधावे, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो वाईट नाही, पण त्यात एक खड्डा आहे. मायएसक्यूएलच्या कॉनकॅट फंक्शनला जोडायच्या रकान्यांपैकी एकही रकाना नल, म्हणजे किंमतच न नोंदवलेला, मिळाला, की संपूर्ण जोडणीच नल होते. ज्या पुस्तकाचा प्रकाशक नोंदवलेला नाही, ते पुस्तक मग शीर्षकाने शोधूनही कधीच सापडणार नाही. कॉनकॅट डब्ल्यूएस हे फंक्शन नल वगळते आणि रकान्यांच्या मध्ये आपण दिलेले चिन्हही घालते, त्यामुळे एका रकान्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला चिकटून भलताच शब्द तयार होत नाही. जोडायचेच असेल तर हे वापरावे.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण विचारलेले नाही, पण जी आपल्याला सर्वांत जास्त छळणार आहे, तिच्याकडे वळतो. इंग्रजी यादीसाठी वर सांगितलेले पुरेसे झाले असते, मराठीसाठी ते पुरत नाही. पडद्यावर तंतोतंत सारखी दिसणारी दोन अक्षरे संगणकाच्या लेखी निराळी असू शकतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. एक टंकलेखक त्यातील अर्धा र, ऱ आणि हलन्त चिन्ह असा नोंदवतो. दुसरा र, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असा नोंदवतो. ‘ॲ’चेही तसेच आहे : ते एकच चिन्ह म्हणून येते, अ आणि वरची चंद्रकोर अशा दोन चिन्हांनी येते, आणि काही कळफलकांवरून हिंदीतील ऍ म्हणूनही येते. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे पीएचपीमधील नॉर्मलायझर, नुक्त्याची काही रूपे एक करते, पण वर दिलेल्या जोड्या ते एक करत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागते.

यासाठी टेबलात ‘शोधपाठ’ नावाचा एक जादा रकाना करावा, असे मी सुचवतो. नोंद जतन होताना स्क्रिप्टने चारही रकान्यांचा मजकूर घ्यावा, त्यावर ठरावीक संस्कार करावेत आणि तो या रकान्यात ठेवावा. वाचकाच्या शब्दांवरही शोधापूर्वी नेमके तेच संस्कार करावेत. मूळ रकान्यांना मात्र हात लावू नये, कारण पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावर जसे आहे तसेच वाचकाला दिसले पाहिजे. हे केल्यावर क्वेरीही सुटसुटीत होते, कारण प्रत्येक शब्दासाठी चार तुलनांऐवजी एकच तुलना उरते.

संस्कार कोणते करावेत? प्रथम युनिकोडचे प्रमाणीकरण करावे. नंतर ऱ चा र करावा, जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही न दिसणारी चिन्हे काढून टाकावीत, ‘ॲ’ची सर्व रूपे एक करावीत, देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच पद्धतीत आणावेत आणि पूर्णविरामाच्या जागी मोकळी जागा घालावी. शेवटचे यासाठी, की आपल्या नोंदवहीत ‘वि.वा.शिरवाडकर’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ ही दोन्ही रूपे खात्रीने असतील. ऱ चा र केल्याने ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद शोधापुरता पुसला जातो, हे मला ठाऊक आहे, आणि भाषेवर प्रेम असलेल्या कोणालाही ते खटकेल. तरीही यादीत एक पुस्तक जास्त दिसल्याने वाचकाचे फारसे बिघडत नाही. कपाटात असलेले पुस्तक ‘नाही’ म्हणून सांगितले गेले, तर तो हात हलवीत परत जातो.

लेखनभेदांचा प्रश्न याहून खोल आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कवि’, ‘गुरु’, ‘नांव’, ‘गांव’, ‘केलें’ अशी रूपे छापलेली आहेत, आणि चांगल्या ग्रंथपालाने ती तशीच नोंदवलेली असतात. आजचा वाचक ‘कवी’ आणि ‘गाव’ लिहून शोधणार. म्हणून शोध दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात केवळ वरचे संस्कार असावेत. त्यात काहीच सापडले नाही, तरच दुसऱ्या, अधिक सैल शोधपाठात पाहावे, ज्यात ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले असतील, ‘पण्डित’सारख्या शब्दांतील पञ्चमवर्ण (ङ, ञ, ण, न, म) अनुस्वारात बदलून नंतर सर्व अनुस्वार काढलेले असतील. पञ्चमवर्ण बदलताना पुढे त्याच वर्गातील पहिल्या चार व्यंजनांपैकी एखादे आहे का, हे तपासावे, नाहीतर ‘अन्न’ शब्दाची मोडतोड होईल.

याच दुसऱ्या टप्प्यात वाचकाच्या शब्दाच्या अखेरची मात्रा काढून टाकण्याची एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. ‘पेशवे’ लिहिले तर ‘पेशव्यांची’ सापडत नाही, परंतु ‘पेशव’ शोधले तर दोन्ही सापडतात. कारण संगणकाच्या दृष्टीने ‘व्या’मध्येही आधी व आहे आणि नंतर हलन्त चिन्ह. ‘पुणे’वरून ‘पुण्याचा’ आणि ‘घोडा’वरून ‘घोड्यांचे’ हेही याच वाटेने मिळतात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात आणि त्यांच्यापूर्वी सामान्यरूप होते, म्हणून शब्दाच्या आतही शोधणारे लाइक आपल्या भाषेला सोयीचे पडते.

लाइकच्या आरंभी टक्केचिन्ह असले तर साधा इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक नोंद वाचावी लागते, हे खरे आहे. परंतु चौदा हजार नोंदी ही मायएसक्यूएलच्या दृष्टीने लहान यादी आहे आणि त्यासाठी काळजी करण्याचे कारण नाही. नोंदी लाखांच्या घरात गेल्या, तर शब्दागणिक सूची करणाऱ्या फुलटेक्स्ट इंडेक्सचा विचार करावा. तो इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवणप्रकार) टेबलांसाठी ५.६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि एकाच वेळी अनेक रकान्यांवर बांधता येतो. मात्र मॅच अगेन्स्ट ही त्याची शोधरचना लिहिताना इंडेक्समध्ये असलेल्या रकान्यांची तीच पूर्ण यादी द्यावी लागते, आणि तीन अक्षरचिन्हांहून लहान शब्द मूळ मांडणीत त्यातून वगळले जातात. शोधाबरोबर देवघेव आणि सभासदांच्या नोंदीही संगणकावर आणायच्या असतील, तर न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि २००० पासून वापरात असलेली कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणाली किंवा एनआयसी या केंद्र शासनाच्या संगणक संस्थेची ई-ग्रंथालय ही प्रणाली पाहावी.

निकालांच्या क्रमाविषयी एवढेच, की ज्यांच्या शीर्षकात शब्द सापडला ती पुस्तके आधी, लेखकात सापडला ती नंतर, आणि उरलेली शेवटी, असे ऑर्डर बाय या क्रम ठरवणाऱ्या भागात केस या अटींच्या रचनेच्या साहाय्याने लिहावे.

एक काम मात्र स्क्रिप्टला जमणार नाही. ‘शिरवाडकर’ शोधणाऱ्याला ‘कुसुमाग्रज’ या नावाखालील कविता आणि ‘आरती प्रभू’ शोधणाऱ्याला खानोलकरांच्या कादंबऱ्या मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी ‘अन्य नावे’ असा पाचवा रकाना करून तो आपण स्वतः भरावा आणि त्याचा मजकूरही शोधपाठात घ्यावा. आपल्याकडील टोपणनावांची यादी एका दुपारी होण्यासारखी आहे, आणि ती ग्रंथपालाइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत खातेदार शोधण्यासाठी नाव, गाव, खाते क्रमांक आणि शिल्लक असे चार वेगळे रकाने असलेला अर्ज आहे. चारही भरले तरच उत्तर येते. एखादा रिकामा ठेवला तर यादी कोरी दिसते.
— एक लिपिक, सांगली जिल्हा

उत्तर : रिकाम्या चौकटीचीही अट आपण क्वेरीत घालत आहात, त्यामुळे ‘ज्याचे गाव कोरे आहे असा खातेदार’ शोधला जातो. अटींची एक रिकामी यादी घ्यावी, जी चौकट भरलेली असेल तेवढीच अट तिच्यात टाकावी आणि शेवटी यादी अँडने जोडावी. चौकट रिकामी आहे का हे पाहण्यासाठी पीएचपीचे एम्प्टी फंक्शन वापरू नये, कारण ते शून्यालाही रिकामे समजते. मग शिल्लक शून्य असलेली खाती शोधायला गेलात तर सगळीच खाती समोर येतील. मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढून तो कोऱ्या मजकुराएवढाच आहे का, अशी तुलना करावी. कोणत्या रकान्यानुसार यादी लावायची हे लिपिक निवडणार असेल, तर ते नाव प्लेसहोल्डरने पाठवता येत नाही. स्क्रिप्टमध्ये मान्य नावांची यादी ठेवून तिच्यात असलेलेच नाव स्वीकारावे.

प्रश्न : मी पायथन ही भाषा आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरून जुन्या मासिकांची सूची करत आहे. एफटीएस५ हा त्यातील शब्दशोधाचा विभाग वापरल्यावर सर्व रकान्यांत एकदम शोध होतो, पण ‘माळ’ शोधले तर ‘मूळ’ आणि ‘मेळ’ही येतात. हे कसे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. एफटीएस५चा नेहमीचा शब्दविभाजक युनिकोड६१ हा अक्षरे आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही युनिकोडमध्ये ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गात असल्यामुळे तो त्यांना विरामचिन्हांप्रमाणे वागवतो. परिणामी ‘माळ’, ‘मूळ’ आणि ‘मेळ’ या तिन्हींचे म आणि ळ असे दोनच तुकडे उरतात, आणि ‘पुस्तक’चे तर प, स आणि तक असे तीन तुकडे होतात. टेबल तयार करताना विभाजकाच्या कॅटेगरीज या पर्यायात चिन्हांचा एम वर्ग जोडावा आणि टेबल नव्याने भरावे. शब्द अखंड राहतील. न दिसणारे जॉइनर त्या वर्गात येत नाहीत, म्हणून ते आधीच काढून टाकावेत.

शब्दाच्या मधलाही भाग शोधायचा असेल, तर ३.३४ या आवृत्तीपासून आलेला, तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा ट्रायग्रॅम विभाजक आहे, परंतु त्याला किमान तीन चिन्हे लागतात. ‘माळ’मध्ये म, काना आणि ळ अशी तीन चिन्हे आहेत, म्हणून तो शब्द चालतो; ‘वन’ मात्र दोनच चिन्हांचा असल्याने त्यातून सापडणार नाही. लेखाच्या शीर्षकाला मजकुराहून अधिक वजन द्यायचे असेल, तर जुळणीची किंमत काढणाऱ्या बीएम२५ या फंक्शनला प्रत्येक रकान्याचे वजन क्रमाने द्यावे आणि यादी चढत्या क्रमाने लावावी, कारण त्यात अधिक जुळणाऱ्या नोंदीची किंमत अधिक उणे असते.